'टाकाऊ' लिहिण्याआधी बॉयलरपाशी जाऊन या

बगॅसवरचे पाच-दहा शोधनिबंध उघडून बघा. बहुतेकांची सुरुवात सारखीच असते: 'बगॅस हा मुबलक, स्वस्त व टाकाऊ पदार्थ आहे.' माझ्या सिनॉप्सिसमध्येही हेच वाक्य होतं. नमुना आणायला कारखान्यात गेलो, तर बॉयलरवरचे साहेब हसून म्हणाले, "टाकाऊ? मग आम्ही जाळतो काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

साधा हिशोब मांडू. एक टन ऊस गाळला की साधारण २७० ते ३०० किलो बगॅस निघतं. त्यात निम्मं पाणी असतं. तरी तेच बॉयलरमध्ये जळतं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि उरलेल्या वाफेवर रस आटतो. सहवीजनिर्मिती असेल तर जादा वीज विकलीही जाते. गुऱ्हाळावर तरी काय वेगळं? वाळलेलं चिपाडच चुलवाणात जातं. म्हणजे बगॅस इथेनॉलकडे वळवायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: बॉयलरला काय घालणार? उत्तर कोळसा असेल, तर 'हरित' हा शब्द जपून वापरा.

दुसरा लाडका विषय म्हणजे बगॅसपासून सक्रिय कार्बन. मिथिलीन ब्लूचं द्रावण, त्यात चिमूटभर कार्बन, रंग गेला, आलेख सुंदर. प्रयोग खोटा नसतो, हे आधी मान्य करतो. पण फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड वापरल्यावर कार्बन धुवायला किती पाणी लागलं? ते पाणी कुठे गेलं? भट्टीला किती ऊर्जा लागली? रंग शोषलेल्या कार्बनचं पुढे काय? सांडपाणी स्वच्छ करताना आपण नवं सांडपाणी तयार केलं, तर तो निष्कर्ष अर्धाच राहतो.

मग खरंच डोकेदुखी असलेलं काही आहे का? आहे ना. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो: गडद तपकिरी, आम्लधर्मी, प्रचंड सेंद्रिय भार असलेला. पण त्यात पोटॅशही भरपूर असतं. प्रेसमड उसाच्या ३-४ टक्के निघतो. त्यातून बायोगॅस मिळतो, पण सल्फिटेशनच्या कारखान्यातल्या प्रेसमडमध्ये गंधक असतं, म्हणून गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो. शिवाय महाराष्ट्रात गाळप चालतं हिवाळ्यात. संयंत्र मात्र वर्षभर चालवायचं. साठवलेला प्रेसमड तोवर कुजतो. अडचण खरी इथे आहे, आणि संशोधनाचा प्रश्नही इथेच आहे.

सांगायचं एवढंच की 'टाकाऊ' हा पदार्थाचा गुणधर्म नाही. घनता किंवा ओलावा मोजतो तसा तो प्रयोगशाळेत मोजता येत नाही. तो ठरतो जागेवर, हंगामावर आणि त्या पदार्थाचा आज काय उपयोग होतोय यावर.

म्हणून विषय नक्की करण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा पदार्थ आज कुठे जातो? तिथून काढला तर त्याची जागा कोण घेईल? माझ्या प्रक्रियेतून नवं काय टाकाऊ निघेल? उत्तरं गूगलवर शोधू नका. एक दिवस कारखान्यात जा, जमलं तर रात्रपाळीला.

मी हे सहा महिने उशिरा विचारलं. बगॅसचे नमुने अजून कपाटात पडून आहेत, आणि आता मी प्रेसमडवर काम करतोय. तुमचे सहा महिने वाचवा.