बेंद्रे, नारायण श्रीधर
(२१ ऑगस्ट १९१०–१९ फेब्रुवारी १९९२). आधुनिक भारतीय चित्रकार व कलाशिक्षक. जन्म इंदूर येथे, मराठी कुटुंबात. तेथील कलाशाळेत द. दा. देवळालीकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे कलाशिक्षण झाले. उघड्यावर बसून, जोरकस रंगलेपनाने निसर्गचित्रे रंगविण्याचा तेथील परिपाठ त्यांनी आत्मसात केला. १९४१ मध्ये त्यांना बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. १९४५ मध्ये शांतिनिकेतनातील वास्तव्यात नंदलाल बोस व रामकिंकर बैज यांचा सहवास त्यांना घडला. १९४७-४८ मधील अमेरिका व यूरोपच्या प्रवासात पाश्चात्त्य आधुनिक कलेचा त्यांचा प्रत्यक्ष परिचय झाला.

१९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नव्याने स्थापन झालेल्या ललित कला विद्याशाखेत ते चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले व १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. या काळात त्यांची स्वतःची चित्रशैली वारंवार पालटली. घनवादी वळणाच्या काटा या चित्रास १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; पुढे ते अमूर्त चित्रणाकडे वळले आणि मुंबईतील उत्तरायुष्यात बिंदुवादी पद्धतीने ग्रामीण स्त्रियांची चित्रे रंगवू लागले.

या शैलीपालटामागे आंतरिक निकडीपेक्षा तंत्राचे कुतूहल अधिक आहे, असा आक्षेप घेता येतो व तो सर्वस्वी निराधार नाही. त्यांची रंगयोजना सदैव प्रसन्न व रचना सुघटित असते. परंतु मानवी दुःखाचा वा संघर्षाचा प्रत्यय त्यांच्या चित्रांतून क्वचितच येतो. तथापि चित्रकार म्हणून जी त्यांची मर्यादा ठरते, तीच शिक्षक म्हणून त्यांचे सामर्थ्य ठरली. कोणत्याही एका शैलीवर त्यांची निष्ठा जडलेली नसल्याने, विद्यार्थ्यांवर लादावी अशी शैलीच त्यांच्यापाशी नव्हती. वर्गात ते स्वतः रंगवीत. चित्र घडते कसे, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांदेखत पाहावयास मिळे. मुद्राचित्रण व छायाचित्रण यांकडे वळलेले ज्योती भट्ट, कथनात्म चित्रे रंगविणारे गुलाममोहम्मद शेख, तांत्रिक प्रतीके योजणारे जी. आर. संतोष व कलेतिहासकार रतन परिमू हे त्यांचे विद्यार्थी. यांपैकी कोणीही गुरूचे अनुकरण केले नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या कलावंत गटात ते या तरुणांसमवेत सहभागी झाले.

पद्मश्री (१९६९) व पद्मभूषण (१९९२) हे सन्मान त्यांना लाभले. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन केवळ त्यांच्या चित्रांवरून केल्यास ते अपुरे ठरते. गुरूची छाप न बाळगणारी शिष्यपरंपरा ही त्यांची अधिक टिकाऊ निर्मिती होय.