जागृती की गिऱ्हाइकी?

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका मध्यंतरी एक चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या. शाळेजवळ हाडांच्या मोफत तपासणीचे शिबिर भरले होते. ध्वनिलहरींच्या यंत्रात टाच ठेवायची, की काही मिनिटांत निकाल हाती. चिठ्ठीवर आकडा होता उणे १.४ आणि शेरा होता 'ऑस्टिओपेनिया'. बाईंचे हाड कधी मोडलेले नाही, पण त्या दिवसापासून त्या जिना उतरायलाही धास्तावल्या होत्या. सोबतच्या पत्रकावर वर 'जागृती अभियान' असे छापले होते, तर खाली एका औषध कंपनीचे नाव.

हा आकडा येतो कोठून? निरोगी तरुण स्त्रियांच्या हाडांच्या घनतेची सरासरी काढतात. आपली घनता तिच्यापासून किती प्रमाण विचलने दूर आहे, हे टी-स्कोअर सांगतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, तर उणे १ ते उणे २.५ या दरम्यान ऑस्टिओपेनिया अशी विभागणी केली. घंटाकृती आलेख शिकवणाऱ्यांच्या येथे एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. सरासरीपासून एका प्रमाण विचलनाहून अधिक खाली सुमारे १६ टक्के व्यक्ती असतातच. म्हणजे ज्या निरोगी तरुणींवरून ही मोजपट्टी बनवली, त्यांच्यातलीच सहांपैकी एक 'कमी' ठरते! वयाबरोबर घनता घटते, त्यामुळे पन्नाशीनंतर हे प्रमाण वाढतच जाते. शिवाय ही व्याख्या खुबा आणि मणक्याच्या क्ष-किरण मोजणीवर बेतलेली आहे. टाचेवरच्या ध्वनिलहरींच्या आकड्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. १९९५ साली अमेरिकेत मर्क कंपनीच्या 'फोसामॅक्स' या औषधाला मान्यता मिळाली. पण घनता मोजलीच नाही तर गोळी घेणार कोण? त्याच वर्षी कंपनीने 'बोन मेझरमेंट इन्स्टिट्यूट' ही ना-नफा संस्था काढली आणि मोजणीची यंत्रे दवाखान्यांत पोचवण्यास हातभार लावला.

औषध निरुपयोगी होते असे मुळीच नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मणका आधी न मोडलेल्या स्त्रियांमध्ये क्ष-किरण चित्रात दिसणारे मणक्यांचे भंग ४४ टक्क्यांनी घटले. आकडा भारदस्त आहे. पण मूळ प्रमाण पाहा : सुमारे चार वर्षांत गोळी न घेणाऱ्या शंभरांत ३.८, घेणाऱ्या शंभरांत २.१. फरक शंभरात दोनांहूनही कमी. दोन्ही विधाने खरी आहेत, पण पत्रकावर बहुधा पहिलेच छापले जाते. त्याच चाचणीत, ज्यांची घनता ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या वर होती त्यांच्यात त्रास देणाऱ्या अस्थिभंगांची लक्षणीय घट आढळली नाही.

मग सगळ्याच मोहिमा संशयास्पद समजायच्या का? नाही. १९९५ साली आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झाला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेचे यश रोगी किती घटले यावर मोजले गेले. ज्या मोहिमेचे यश रोगी किती वाढले यावर मोजले जाते, तिच्याकडे मात्र सावधपणे पाहावे. ऑस्टिओपोरोसिस हा खरा आजार आहे. साध्या पडण्याने खुबा मोडलेल्या कितीतरी आजींची त्यानंतरही हाडांसाठी तपासणी होत नाही, औषध मिळत नाही. जागृती पोचायला हवी ती त्यांच्यापर्यंत. शिबिर मात्र भरते ते शाळेच्या दाराशी.

बाईंना आम्ही औषध घ्या किंवा घेऊ नका असे सांगितले नाही, तो आमचा अधिकार नव्हे. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा, एवढे सुचवले : माझ्या वयाला, माझ्या प्रकृतीला प्रत्यक्ष धोका शंभरात किती? आणि उपचाराने तो किती उरेल?

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. मुलांच्या उंचीची सरासरी व प्रमाण विचलन काढा आणि एका विचलनाहून खाली किती जण येतात ते मोजा. मग विचारा : यांना 'उंची-न्यूनता' नावाचा रोग झाला आहे का? उत्तर मुलेच देतील. पुढे कधी असे पत्रक हाती आले, तर त्याची खालची ओळही ती वाचतील.