हिट पॉइंट्समध्ये न मावणारं विमान

टेबलटॉप आरपीजीमध्ये खरं विमान आणायचं तर आधी त्याचे आकडे ठरवावे लागतात. वेग किती, हाताळणी कशी, मार किती सोसणार. या आकड्यांत काय पकडलं जातं आणि काय निसटतं, यावरून त्या खेळाची नजर कळते. ही नजर तपासायला बोईंग पी-२६ इतकं चांगलं विमान क्वचितच सापडेल.

१९३२ साली पहिल्यांदा उडालेलं पी-२६ हे अमेरिकन लष्कराचं पहिलं संपूर्ण धातूचं, एका पंखजोडीचं लढाऊ विमान. पण त्याचा एक पाय जुन्या काळातच अडकलेला. कॉकपिट उघडं, चाकं आत न जाणारी, पंखांना बाहेरून तारांचा आधार. अमेरिकन लष्करी हवाई दलाने स्वीकारलेलं असं हे शेवटचं लढाऊ विमान. पहिलं आणि शेवटचं, एकाच यंत्रात. वैमानिकांनी त्याला नाव दिलं ‘पीशूटर’, म्हणजे वाटाणे उडवायची फुंकनळी.

आता ‘गर्प्स’ची नियमावली घ्या. तिच्यात वेग यार्ड प्रतिसेकंदात मोजतात, म्हणजे ताशी मैलांच्या साधारण निम्मा. पी-२६चा २३४ मैलांचा वेग तिथे ११७च्या आसपास येतो. हुकवण्याचा आकडा काढायला वैमानिकाच्या कौशल्याचा निम्मा घेऊन त्यात विमानाची हाताळणी मिळवायची. कौशल्य १४ आणि हाताळणी +२ धरली, तर ९. तीन फासे टाकून ९ किंवा कमी येण्याची शक्यता साडेसदतीस टक्के. हा नियम मला आवडतो. माणूस कितीही तरबेज असला तरी त्याचं कौशल्य यंत्रातून गाळूनच बाहेर येतं, हे तो एका बेरजेत सांगतो.

घोळ होतो तो ‘संपूर्ण धातूचं’ या शब्दांपाशी. कल्पनारम्य खेळांनी आपल्याला धातू म्हणजे चिलखत असं शिकवलंय. त्यामुळे गेममास्टर सहज त्याला जादा संरक्षण देऊन टाकतो. प्रत्यक्षात तो अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा होता. त्याने विमानाला आकार आणि मजबुती दिली, गोळी अडवली नाही. इथे चूक आकड्याची नसते, शब्द वाचण्याची असते.

त्याहून मोठी अडचण हिट पॉइंट्सची. पी-२६ बऱ्याच वेगाने जमिनीवर उतरायचं आणि उलटायची भीती असायची. अशाच एका अपघातात विमानाला फारशी इजा झाली नाही, पण उघड्या कॉकपिटमधला वैमानिक मेला. त्यानंतर त्याच्या डोक्यामागचा आधार उंच आणि भक्कम केला गेला. पुढे वेग कमी करायला फ्लॅप्सही बसवले. आता सांगा, हे कुठल्या रकान्यात लिहाल? विमानाचे हिट पॉइंट्स जवळजवळ पूर्ण, आणि माणूस शून्यावर. खेळातली वाहनं बहुतेक वेळा शत्रूच्या गोळीने मोडतात. पी-२६चा वैमानिक मात्र घरी परतल्यावरही सुटलेला नसायचा. लँडिंगचा फासा ज्या खेळात टाकावाच लागत नाही, त्या खेळात हे विमान आलेलंच नाही, नुसतं त्याचं चित्र आलंय.

‘सॅव्हेज वर्ल्ड्स’चा स्वभाव वेगळा. तिथे आकडे कमी आणि धडाका जास्त. फाशावर सगळ्यात मोठा आकडा आला की पुन्हा टाकायचा. खेळाडूकडे तीन ‘बेनी’ असतात, त्या खर्चून जखम झटकता येते. पल्प साहसकथेला हे झकास जमतं. फुंकनळीसारखं विमान घेऊन बलाढ्य शत्रूला चकवणं यात मजा आहेच.

पण १२ डिसेंबर १९४१ला फिलिपिन्समध्ये बटांगासवर जे घडलं, ते टेबलावर आणलं की ही मजा टोचू लागते. हेसुस व्हिलामोर यांच्या नेतृत्वाखाली मूठभर फिलिपिनो वैमानिक पी-२६ घेऊन जपानी विमानांना भिडले. समोरचं झीरो ताशी साधारण १०० मैलांनी वेगवान, शिवाय त्यावर तोफा. पी-२६वर फक्त दोन मशिनगन. त्या दिवशी सेझार बासा मारले गेले. व्हिलामोर वाचले, आणि पुढे पाणबुडीतून परत येऊन त्यांनी जपानव्याप्त फिलिपिन्समध्ये हेरगिरीचं जाळं उभारलं. आज दोघांच्याही नावाने तिथे हवाई तळ आहेत.

व्हिलामोरची गोष्ट बेनी देऊन सांगता येते. बासांची नाही. प्रत्येक खेळाडूला वाचवणारी यंत्रणा नकळत असं सुचवते, की जो मेला तो कमी शूर होता किंवा त्याच्या बेनी संपल्या होत्या. माझा खरा आक्षेप इथे आहे.

यावर उपाय म्हणून पी-२६चे आकडे वाढवू नका. ते विमान १९४१ मध्ये जुनाट होतं, ते तसंच राहू द्या. बदलायचं ते उद्दिष्ट. झीरो पाडणं ही जिंकण्याची अट ठेवली तर नियम वाकवावे लागतील. धावपट्टीवरची माणसं आडोशाला पोचेपर्यंत बॉम्बर्सना चार फेऱ्या गुंतवून ठेवायचं, अशी अट ठेवली तर हेच दुबळे आकडे बोलू लागतात. मग ११७ हा नुसता वेग उरत नाही. आपल्याला पळून जाता येणार नाही, हे वर चढण्याआधीच टेबलावरच्या सगळ्यांना कळलेलं असतं. तरीही कुणीतरी फासे उचलतं.