कुलवृत्तांतात न मावलेली माणसं

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ सुरू होतं तेव्हा तात्याजी देशपांडे नुकतेच वारलेले असतात. धरणगावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं, ज्यांच्या धाकात सगळं घर वागलं, तो हा कर्ता पुरुष नाटकभर एकदाही आपल्यासमोर येत नाही. घराण्याची कथा सांगायला बसलेल्या लेखकाने त्या घराण्याचा मुख्य पुरुषच पडद्याआड ठेवावा, ही मला या नाटकातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहायची एक रीत आहे: कुलवृत्तांत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि मग वंशावळ. वतन कोणाला मिळालं, देऊळ कोणी बांधलं, मामलेदार कोण झालं, हे सगळं त्यात सापडतं. जुन्या कुलवृत्तांतांत लेकीसुना बहुधा एका ओळीत आटोपतात आणि घरासाठी नुसता राबलेला मुलगा नावापुरता उरतो. एलकुंचवारांनी नेमकी हीच माणसं उचलली. देशपांड्यांचा इतिहास ते तात्याजींची मुलगी प्रभा, मुलगा चंदू, थोरली सून वहिनी आणि नात रंजू यांच्याकडून वदवून घेतात.

देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब राखणारे वतनदार. स्वातंत्र्यानंतर वतनं गेली, विदर्भात १९५८ साली कुळकायदा आला आणि अशा कित्येक घरांखालची जमीन सरकली. एलकुंचवार स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, जमीनदार घरातले. जन्म १९३९ चा. जे लिहिलं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. पण नाटक हा इतिहास व्याख्यानासारखा मांडत नाही, तो वस्तूंमधून उभा करतं. दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. घर सावरायला आणलेलं हे यंत्र आता काळोखात येणाऱ्याजाणाऱ्याला लागतं, आणि चंदूच्या पायाला त्याचीच जखम होऊन ती चिघळते. आत दादी आहे, तात्याजींची आई. मुलगा गेला हे तिच्या जाणिवेत पोचलेलंच नाही. ती त्याला हाका मारते, मध्येच किती वाजले विचारते. वर तेराव्याचा खर्च. देशपांड्यांच्या घरचं तेरावं म्हणजे सगळ्या गावाचे डोळे लागलेले. घराण्याची प्रतिष्ठा या घरात एक न फिटणारं देणं होऊन बसली आहे, आणि ते कोणी फेडायचं यावर तात्याजींच्या भास्कर आणि सुधीर या मुलांत ठिणग्या उडतात.

आता दागिन्यांचा प्रवेश. या नाटकाचं मर्म मला इथेच दिसतं. रात्री, दार लावून, भास्कर घराण्याच्या दागिन्यांची पेटी काढतो आणि वहिनी ते सगळे पिढीजात दागिने अंगावर घालते. दिवसभर चुलीपाशी आणि उस्तवारीत झिजलेली ही बाई बघता बघता बदलते. पाठ ताठ होते, मान उंचावते. आतापर्यंत तुटक बोलणारा, हिशेबी, काहीसा आपमतलबी वाटलेला भास्कर तिच्याकडे पाहत राहतो, आणि त्याच्या पाहण्यात बायकोविषयीचं प्रेम कुठे संपतं आणि गेलेल्या वैभवाची ओढ कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. नाटककार इथे कोणाचाही न्यायनिवाडा करत नाही. भावंडांपासून लपवून पेटी उघडणं हा लोभ आहेच. पण हे सोनं ज्या सासवांनी अंगावर घातलं त्यांची नावंसुद्धा कुठे नोंदलेली नसतील. त्यांचा इतिहास एवढाच, या सोन्यात उरलेला. वहिनी तो काही क्षण अंगावर वागवते आणि पुन्हा पेटीत ठेवते. इतक्या कमी शब्दांत एका घराण्याच्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा सांगणारा दुसरा प्रवेश मला मराठी नाटकात आठवत नाही.

तीच पेटी घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. सिनेमाच्या वेडात वाढलेल्या या मुलीला त्या सोन्यात आज्या-पणज्या दिसत नाहीत, वाड्याबाहेरची वाट दिसते. मुलगी परत आणली जाते, दागिने जातात. टोमास मानच्या ‘बुडनब्रोक्स’ या १९०१ सालच्या जर्मन कादंबरीत ल्यूबेकच्या एका धनाढ्य व्यापारी घराण्याची वही आहे. शेवटचा कोवळा वंशज तिच्यात आपल्या नावाखाली रेघ ओढून मोकळा होतो. देशपांड्यांकडे अशी वही नाही, पेटी आहे. ती जाते तेव्हा घराणं रेघ न ओढताच संपतं.

तरी मला सर्वांत जास्त छळते ती प्रभा. तिला शिकायचं होतं, तात्याजींनी शिकू दिलं नाही, कारण देशपांड्यांच्या मुलीने घराबाहेर पडणं शोभत नव्हतं. म्हणजे ज्या इभ्रतीचा सगळे अभिमान बाळगतात तिची किंमत या मुलीच्या आयुष्यातून वसूल झाली. ती कडवट बोलते, पण तिच्या कडवटपणात एकही खोटा शब्द नाही. चंदू फारसं बोलतही नाही. तो पाणी भरतो, ओझी वाहतो, घरातल्या घरात गडी होऊन जगतो. प्रभाचं बोलणं आणि चंदूचं गप्प राहणं एकत्र ऐकलं की वाड्याचे चिरे कोणाच्या खांद्यांवर उभे होते ते कळतं.

मुंबईहून आलेले सुधीर आणि त्याची बायको अंजली यांना नाटक परकं ठरवत नाही, हे कांदिवलीत राहणाऱ्या मला फार महत्त्वाचं वाटतं. विजया मेहतांनी ‘कलावैभव’तर्फे हे नाटक रंगभूमीवर आणलं ते १९८५ साल. त्याच सुमाराला आमच्या कांदिवलीतल्या चारकोपमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने लहान लहान प्लॉट पाडले जात होते आणि गावाकडची घरं सोडून आलेले लोक तिथे वस्ती करत होते. सुधीर त्यांच्यातलाच वाटतो. गावाला वाटतं मुंबईत पैसा आहे. मुंबईच्या लहानशा जागेत त्याला मात्र वाटतं गावी आधार आहे. दोन्ही समजुती या तेरा दिवसांत मोडतात. सुधीरची ओढाताण आणि अंजलीची व्यवहारी सावधगिरी एलकुंचवार इतक्या समजुतीने लिहितात की सून वाईट, भाऊ स्वार्थी असं म्हणायला जागाच उरत नाही.

या घराची कथा पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’मध्ये चालू राहते, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकं सलग सादर केली. तिन्ही क्रमाने वाचावीत. आणि ज्यांच्या घरी आज कोणी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार करत असेल, त्यांना माझी विनंती आहे: छापायला देण्याआधी ‘वाडा चिरेबंदी’ एकदा वाचा, आणि आपल्या घरातल्या प्रभाला आणि चंदूला त्यात पुरेशी पानं द्या.