जड अक्षर, हलके अक्षर

सिकंदराबादेत कानी पडणाऱ्या कुराणपठणाची स्तुती आम्ही बहुधा गळ्यावरून करतो. ती अपुरी होय. खरी परीक्षा अक्षरांची आहे. अरबीतील सात वर्ण सदैव जड. जिभेचे मूळ टाळूकडे उचलून ते उच्चारावयाचे. पडजिभेपासचा जड 'क़' हलका झाला, की 'क़ल्ब' म्हणजे हृदय, त्याचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा होतो! दख्खनी बोलीत 'क़ाज़ी'चा 'ख़ाज़ी' खपतो, पठणात नाही. 'अल्लाह'मधील लकार अकार-उकारानंतर जड. 'बिस्मिल्लाह'मध्ये मागील इकारामुळे तोच हलका. 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला आणि त्वष्ट्याचा यज्ञ त्याच्यावरच उलटला, ही कथा आम्ही मुलांना सांगतो. देवळात रुद्र ऐकताना मात्र आमचे लक्ष घड्याळाकडे असते.