अदृश्य कुंपण : इंग्लिश भूदृश्य-उद्यानांचा वारसा

अठराव्या शतकात इंग्लंडमधील उमरावांच्या ग्रामीण इस्टेटींवर साकारलेल्या भूदृश्य-उद्यानांचा विचार प्रायः सौंदर्यशास्त्राच्या अंगाने केला जातो. फ्रेंच पद्धतीच्या भूमितीबद्ध वाफ्यांना नकार देऊन विल्यम केंट आणि त्याच्यानंतर लान्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन (१७१६–१७८३) यांनी हिरवे उतार, नागमोडी तळी आणि विखुरलेले वृक्षपुंज यांतून निसर्गाला मोकळे केले, अशी ही मांडणी आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे. हा ‘निसर्ग’ मजुरांच्या कुदळ-फावड्यांनी घडवलेला होता, आणि घडवल्याची खूण मागे न ठेवणे हेच त्या कलेचे खरे कौशल्य होते.

‘हा-हा’ या विचित्र नावाच्या खंदकात हे कौशल्य स्पष्ट दिसते. बागेच्या कडेला चर खणून त्याची आतली बाजू उभी बांधून काढायची आणि बाहेरची उतरती ठेवायची. चरणारी गुरे घरापर्यंत पोहोचत नाहीत. दिवाणखान्यातून पाहणाऱ्याला मात्र कुंपण दिसतच नाही, हिरवळ क्षितिजापर्यंत सलग भासते. मालकी अबाधित राहते, तिची सीमा तेवढी नाहीशी होते. जेन ऑस्टिनला या रचनेचा अर्थ नेमका उमगला होता. ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (१८१४) मधील सॉदरटनच्या प्रसंगात हा-हा आणि कुलूपबंद लोखंडी फाटक यांपाशीच वाग्दत्त मारिया आपली मर्यादा ओलांडते. त्याच कादंबरीत उद्यानकार हम्फ्री रेप्टनचा उल्लेख नावानिशी येतो, हेही लक्षणीय आहे.

दृश्यासाठी गावेही हलवली गेली. ऑक्सफर्डजवळील नूनम कोर्टनी १७६० च्या दशकात अर्ल हार्कोर्टने मूळ जागेवरून उठवून हमरस्त्याच्या कडेला वसवले. गोल्डस्मिथच्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’ (१७७०) या काव्यामागे हीच घटना असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस येथे तर लॉर्ड मिल्टनने अख्खे बाजारगाव पाडले. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये भूदृश्य ही दुरून पाहणाऱ्याची कल्पना असल्याचे दाखवले, त्याला असा आधार आहे. मात्र उत्पादनाची भूमी आणि दर्शनाची भूमी असा त्यांनी केलेला विभाग फार काटेकोर ठरतो. या उद्यानांतून इमारती लाकूड मिळे, गुरे-मेंढ्या पोसल्या जात, शिकारही होई. मालकाच्या दृष्टीने शोभा आणि उत्पन्न एकाच जमिनीत नांदत होते.

शिवाय हे उत्पन्न नेहमीच त्या जमिनीतले नव्हते. सरे परगण्यातील क्लेअरमाँट रॉबर्ट क्लाइव्हने १७६९ मध्ये विकत घेतले, व्हॅनब्रूने वाढवलेला जुना प्रासाद पाडला आणि नव्या वास्तूचे काम ब्राउनकडे सोपवले. बंगालमधून आलेल्या संपत्तीचा हा इंग्लिश ‘निसर्ग’. १७७४ मध्ये क्लाइव्ह मरण पावला. पुढे उद्यान नॅशनल ट्रस्टकडे आले आणि प्रासादात शाळा भरू लागली. ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध नोंदवणारा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर वादळ उठले. आक्षेप केवळ तपशिलांवर नव्हता. बागेत फिरायला आलेल्यांना हे सांगावेच का, यावरही होता.