मूळचिन्ह गेलं, अट कुठे गेली?

√२ म्हणजे २^(१/२), ∛२ म्हणजे २^(१/३). शाळेत आपण हे तक्त्यासारखं शिकतो : डावीकडे करणी, उजवीकडे अपूर्णांक घातांक. रूपांतर करा, गुण घ्या. माझी तक्रार या तक्त्याबद्दल आहे.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. √२ × ∛२ किती? मूळचिन्हं तशीच ठेवली तर गाडी अडते. घातांकात लिहा : १/२ + १/३ = ५/६, उत्तर २^(५/६). न्यूटनने १६७६ मध्ये ओल्डेनबर्गला लिहिलेल्या पत्रात मुळांसाठी अपूर्णांक घातांकच वापरले. त्यामुळे द्विपद विस्ताराचा एकच नियम मुळांनाही लागू झाला.

आता -८ घ्या. घनमूळ -२, बरोबर? पण १/३ आणि २/६ एकच. मग (-८)^(२/६) काढून बघा. -८ चा वर्ग ६४, आणि ६४ चं सहावं मूळ २. म्हणजे एकाच राशीची दोन उत्तरं! तुमचं काही चुकलं नाही. अपूर्णांक घातांकांचे नियम बिनधास्त चालतात ते पाया धन असेल तेव्हाच. तक्ता पाठ करताना नेमकी हीच अट सुटते. √(क्ष²) = क्ष लिहितानाही तीच सुटते; खरं उत्तर |क्ष|.

परीक्षेत हे चालून जातं, संशोधनात नाही. पायथनला -८ चा १/३ घात विचारा (कंस विसरू नका), -२ येत नाही. संमिश्र संख्या येते. 'आर'मध्ये 'ही संख्या नाही' असा शेरा येतो. समजा, तुम्ही दरवर्षीचा पाऊस सरासरीपेक्षा किती कमी-जास्त याचं घनमूळ घेताय, आणि सवयीने रिकाम्या नोंदी गाळताय. कमी पावसाची सगळी वर्षं त्यांच्याबरोबर गुपचूप गळतील. आलेख सुबक दिसेल, दुष्काळ मात्र त्यात नसेल.

उपाय अवघड नाही. चिन्ह बाजूला ठेवा, केवलमूल्याचं घनमूळ घ्या, चिन्ह परत लावा. रूपांतराआधी आणि नंतर नोंदी मोजा. आणि प्रबंधात मूळचिन्ह काढाल त्या ओळीशेजारी लिहा : पाया धन आहे का? नसेल, तर पुढे काय केलं?